मॉड म्हणजे चीटिंगच का भो? अन् त्या अँटीबॅन एपीकेचं खरं काय

मॉड म्हणजे तयार गेममध्ये बाहेरच्या माणसाने केलेला बदल. प्रश्न विचारणारा भाऊ पाचोऱ्याचा, बारावीत आहे. मित्रांसोबत बीजीएमआय (पबजी मोबाइलची भारतातली आवृत्ती) खेळतो, घरच्या पीसीवर काउंटर-स्ट्राइक २ (सीएस) आहे, अन् दोस्त मिळून माइनक्राफ्टचा एक छोटा सर्व्हर चालवतात. त्याच्या स्क्वाडमधल्या एकाने टेलिग्रामवरून 'अँटीबॅन' मॉड एपीके घेतलाय, म्हणजे बॅन होणार नाही असं सांगून दिलेली बदललेल्या गेमची फाइल, त्यात आयपॅड व्ह्यू (टॅबलेटसारखं जास्त दिसणं) न अँटेना (लपलेला खेळाडू लांबून दिसणं) दोन्ही चालू. आता याचं म्हणणं असं की मी काही पैसे लावून खेळत नाही, मग मी नुसता आयपॅड व्ह्यू लावला, किंवा सीएसमध्ये स्किन चेंजर (बंदुकीचा रंगरूप फुकटात बदलणारा) टाकला तर कोणाचं काय जातं? मॉड म्हणजे सगळं चीटिंगच का? अन् खरंच बॅन होतं का?

मी जळगावात नेटवर्किंगचं काम करतो. सायबर कॅफेच्या काळात सीएस १.६ चे लॅन सर्व्हर लावायचो, एएमएक्स मॉड एक्सचे प्लगइन म्हणजे सर्व्हरवर नवे प्रकार जोडणारे छोटे प्रोग्राम लिहायचो, झोंबी मोड, गनगेम वगैरे, अन् आता पोरांचे माइनक्राफ्ट सर्व्हर सांभाळतो. म्हणजे मॉडिंगला नावं ठेवणारा माणूस मी नाही, उलट माझं प्रोग्रामिंग तिथूनच सुरू झालं. म्हणून जरा लांब उत्तर देतो.

पहिलं म्हणजे, सगळे मॉड चीटिंग असं कोणी म्हटलं तर त्याला विचार की तू जो गेम खेळून राहिला तो आला कुठून. काउंटर-स्ट्राइक १९९९ ला हाफ-लाइफचा मॉड म्हणून आला, मिन्ह ली न जेस क्लिफ या दोघांनी बनवलेला, वर्षभरात हाफ-लाइफच्याच व्हॉल्व्ह कंपनीने तो विकत घेतला. डोटा हा गेम पण आधी वॉरक्राफ्ट ३ या गेमचा कस्टम मॅप होता. अन् बीजीएमआयचं मूळ बघ, आर्मा २ या गेमवर डेझी नावाचा मॉड आला, ब्रेंडन ग्रीनने त्या मॉडवर आणखी एक बॅटल रॉयल मॉड बनवला, तिथून पुढे २०१७ ला पबजी, न पबजीतून आपलं बीजीएमआय. मॉडवर मॉड चढवून तयार झालेला गेम आहे हा, अन् आज त्याच गेमला बाहेरच्या फाइलीने हात लावला तर तो बॅन करतो. ऐकायला ढोंग वाटतं, पण नाहीये, कारण डेझीच्या सर्व्हरवर जो यायचा त्याला माहीत असायचं की इथे मॉड चालू आहे, तो डाउनलोड करूनच यायचा.

सगळा मुद्दा इथेच आहे. समोरच्याला माहीत आहे का, अन् त्याला ते मान्य आहे का. आखाजीला घरात पत्त्यांचा डाव बसतो तेव्हा तुम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं की आज दुर्री हुकूम, तर दुर्री हुकूम, कोणाच्या बापाचं काय जातं. पण एकाने खुणेचे पत्ते आणले न बाकीच्यांना सांगितलंच नाही, तर तिथे एक रुपया लावलेला नसला तरी ती लबाडीच. 'मी पैसे लावत नाही' हे म्हणूनच कामाचं नाही. समोरच्याने त्याची अर्धी रात्र लावलीये ना त्या मॅचवर, दिवसभर कापूस वेचून किंवा क्लास करून आलेला असतो तो.

आता हे चीट चालतात कसे ते समजून घे, म्हणजे अर्ध्या थापा आपोआप गळून पडतील. गेमचा काही हिशोब सर्व्हरवर होतो न काही तुझ्या फोनवर. हेल्थ किती उरली, यूसी (गेममधले विकतचे पैसे) किती आहे हे सर्व्हर ठरवतो, म्हणून 'फ्री यूसी' न 'अनलिमिटेड हेल्थ'वाले व्हिडिओ सरळ फेकाफेकी असते, तुझ्या स्क्रीनवरचा आकडा बदलला तरी सर्व्हरवर आहे तेवढाच राहतो. पण चित्र काढायचं काम फोनचं, अन् त्यासाठी समोरचा कुठे आहे हे फोनला थोडं आधीच कळवावं लागतं, तो भिंतीमागे असला तरी, कारण तो बाहेर निघाल्यावर कळवलं तर आपल्याकडच्या नेटवर तो हवेतून टपकल्यासारखा दिसेल. फोनच्या मेमरीत पडलेली ही माहिती वाचून भिंतीपलीकडचा माणूस दाखवायचा, याला ईएसपी म्हणतात. अँटेना तर त्याहून सोपा, प्लेअरच्या मॉडेलच्या फाइलीत डोक्यावर लांब दांडी जोडायची की गवतात झोपलेला पण लांबून दिसतो. एमबॉट तुझा नेम स्वतः धरतो, नो रिकॉइल बंदुकीचा झटका खातो. हे सगळं तुझ्या फोनवरच घडतं, अन् सर्व्हरला फोनचं ऐकून घ्यावं लागतं.

का ऐकून घ्यावं लागतं? तर आपल्यासारख्यांसाठी. व्हॉल्व्हच्या इंजिनात सर्व्हर काय करतो, तू गोळी झाडली त्या क्षणी तुझ्या स्क्रीनवर समोरचा कुठे दिसत होता हे तो वेळ मागे नेऊन तपासतो, मग ठरवतो लागली की नाही. ही सवलत नसती तर केबलवाल्याच्या नेटवर चोपडा-यावलच्या पोराची एक गोळी लागली नसती. चीट करणारा ही सवलतच वापरून घेतो. मग कंपन्या सर्व्हर कडक करतात, जास्त पिंगवाल्याला, म्हणजे ज्याचं नेट उशिरा पोचतं त्याला, किक करतात, हालचाल जरा विचित्र दिसली की संशय घेतात, अन् त्यात मरतो कोण तर खराब नेटवाला साधा माणूस. मी कित्येक पोरं बघितली की ज्यांना नुसतं लॅग होतं म्हणून लोकांनी हॅकर-हॅकर करून रिपोर्ट मारले. 'कोणाचं काय जातं' याचं एक उत्तर हे पण आहे. व्हॅलोरंट या पीसीवरच्या गेमने २०२० ला वेगळा मार्ग धरला, समोरचा दिसायच्या बेतात येईपर्यंत सर्व्हर त्याची जागा तुझ्या पीसीला कळवतच नाही. चांगली युक्ती आहे, पण खर्चिक आहे न प्रत्येक गेमला जमत नाही, शंभर माणसांच्या मोकळ्या मैदानात तर फारच अवघड.

आता तुझा आयपॅड व्ह्यू. इथे मला तुझ्या बाजूने पण बोलायचंय. टॅबलेटचा स्क्रीन जास्त चौकोनी, म्हणून त्यावर वर-खाली जास्त भाग दिसतो, अन् ज्याच्या घरी आयपॅड आहे त्याला हे कायदेशीर मिळतं, मग दहा हजाराच्या फोनवाल्याने तसाच व्ह्यू करून घेतला तर तो चोर कसा? प्रश्न बरोबर आहे. हा अन्याय आहे असं मला पण वाटतं, पुष्कळ टूर्नामेंटांत म्हणूनच टॅबलेट चालत नाही. पण तुझं उत्तर चुकतंय, कारण लॉबीत टॅबलेटवाला असू शकतो हे सगळ्यांना माहीत आहे, न तुझ्या फोनने कॉन्फिग बदललंय हे कोणालाच माहीत नाही. शिवाय फक्त आयपॅड व्ह्यू देणारा एपीके मी तरी पाहिला नाही, त्यात बाकीचं सगळं सामान भरलेलंच असतं न फक्त एक बटण बंद ठेवलेलं असतं. ते बटण तू किती दिवस बंद ठेवशील, सलग पाच मॅच हरल्यावर? जीएफएक्स टूल म्हणजे गेमचं ग्राफिक्स बदलणारं अ‍ॅप, त्याचं थोडं वेगळं. हलक्या फोनवर गेम निदान चालावा म्हणून रिझोल्यूशन खाली आणणाऱ्याला मी मनातून चीटर म्हणत नाही. गवत न सावल्या गायब करणाऱ्याला म्हणतो. पण नियमाच्या भाषेत दोन्ही बाहेरचंच सॉफ्टवेअर, तिथे तुझा हेतू कोणी विचारत नाही.

स्किन चेंजर. नैतिकतेच्या हिशोबाने यात जवळपास काहीच नाही, तुझा सोन्याचा एके फक्त तुलाच दिसतो, दिसू दे. पण तो काम कसं करतो ते बघ, चालू गेमच्या मेमरीत घुसून आकडे बदलतो. एमबॉट पण हेच करतो. अँटीचीटला तुझं मन वाचता येत नाही, त्याला फक्त घुसलेलं दिसतं. व्हॉल्व्हचं व्हॅक नावाचं अँटीचीट २००२ पासून आहे, त्याची बॅन कायमची असते न माफीनाम्याने उठत नाही, वरून ती प्रोफाइलवर सगळ्यांना दिसते. अन् सर्व्हरवाल्यांनी सगळ्यांना खोटे स्किन वाटायचे प्लगइन लावले होते, त्यांच्यावरही २०१५ ला व्हॉल्व्हने बडगा उगारला, कारण तिथे कंपनीचा धंदा बुडतो. म्हणजे काय, नियम सगळे नीतीसाठी नसतात, काही गल्ल्यासाठी पण असतात, हे डोळे उघडे ठेवून बघायचं. पण नियम गल्ल्यासाठी असला तरी अकाउंट तुझंच जातं.

बॅनचं म्हणशील तर पबजी मोबाइल घराण्यात दहा-दहा वर्षांच्या बॅन दिलेल्या आहेत, अन् बीजीएमआयमध्ये डिव्हाइस बॅन पण आहे, म्हणजे आयडी नाही तर फोनच काळ्या यादीत. तो फोन उद्या गोलाणी मार्केटला सेकंडहँडमध्ये गेला तर घेणाऱ्याला काहीच माहीत नसतं, बिचारा घरी जाऊन गेम टाकतो न मग डोकं धरून बसतो. 'अँटीबॅन' हा शब्द कोणी लिहिला की तिथूनच पळायचं. असं काही बनवता येतच नाही, कारण पकडण्याचं निम्मं काम सर्व्हरवर होतं, तुझे हेडशॉट किती, भिंतीआडच्या माणसावर क्रॉसहेअर (नेमाची खूण) किती वेळा आधीच धरलेला होता, हे सगळं तिथे नोंदलेलं असतं न तुझ्या फोनमधला एपीके त्याला हात लावू शकत नाही. वरून कंपन्या मुद्दाम लगेच बॅन करत नाहीत, आठवडे थांबतात न मग एका लाटेत हजारो उडवतात, म्हणजे चीट विकणाऱ्याला कळू नये की आपण नेमके कशामुळे सापडलो. तुझा मित्र दोन आठवडे टिकला म्हणून तो सुटला असं नाही. अन् चीटरसोबत मुद्दाम स्क्वाड करून रँक चढवणाऱ्यावर पण कारवाई होऊ शकते, म्हणून त्याच्यासोबत खेळणं तर आजच बंद कर.

पण खरं सांगू का, बॅन ही यातली सगळ्यात छोटी भीती आहे. गेलं अकाउंट तर गेलं, रडशील न नवीन काढशील. माझ्याकडे जे फोन येतात त्यांचं दुखणं वेगळं असतं. मॉड एपीके म्हणजे काय, मूळ अ‍ॅप उघडून त्यात स्वतःचा कोड घालून परत बांधलेलं पॅकेट. कंपनीची सही तुटते न बनवणाऱ्याची सही लागते, म्हणून इन्स्टॉल करायच्या आधी तो सांगतो प्ले प्रोटेक्ट बंद कर, अननोन सोर्स चालू कर. मग फ्लोटिंग मेन्यू दिसायला दुसऱ्या अ‍ॅपच्या वर दिसायची परमिशन मागतो, इथपर्यंत पटतं तरी, पण मग अ‍ॅक्सेसिबिलिटी मागतो, न काही तर एसएमएस. नेम धरायला एसएमएस कशाला लागतात रे? अ‍ॅक्सेसिबिलिटी दिली की तो स्क्रीनवरचं वाचू शकतो न तुझ्या जागी बटण पण दाबू शकतो, एसएमएस दिला की ओटीपी त्याच्या हातात. अन् आपल्याकडे फोन कोणाचा असतो? पोराचा नसतोच, बापाचा असतो, त्याच फोनमध्ये यूपीआय, त्याच नंबरला बँक जोडलेली, रावेरच्या केळीवाल्याचं पेमेंट जमा झालेलं त्याच खात्यात. पोरगं रात्री आयपॅड व्ह्यू लावून झोपतं. शंभर रुपयांच्या 'एक आठवड्याच्या की'वर (चीट चालू करायच्या कोडवर) विकणारा पोट भरतो असं वाटतं का तुला? त्याचा खरा माल तू आहेस, तुझं गुगल अकाउंट, तुझा फोन. लॉगिनची खोटी खिडकी दाखवून मेन आयडी उचलणं तर रोजचं झालं.

चांगल्या जागेवरून घेतलेला मॉड पण शंभर टक्के सेफ नसतो, हे पण सांगतो, कारण माइनक्राफ्टवाल्यांना वाटतं आपलं तर बरं आहे. जून २०२३ मध्ये कर्सफोर्ज न बकिट या दोन नावाजलेल्या ठिकाणच्या मॉडांमध्ये फ्रॅक्चरायझर नावाचा व्हायरस निघाला, मॉडवाल्यांच्या अकाउंटांतून शिरला न ब्राउझरमधले पासवर्ड, लॉगिन चोरत होता. अन् मॉड न लावताही मार बसतो, जानेवारी २०२३ ला जीटीए ऑनलाइनच्या पीसीवाल्यांचं हेच झालं, चीट मेन्यू वापरणारे लोक दुसऱ्याचं अकाउंट बिघडवू शकत होते, साध्या खेळाडूने काहीच केलेलं नसताना. त्याआधीच्या जानेवारीत डार्क सोल्सचे पीसी सर्व्हर बंद करावे लागले, कारण ऑनलाइन आलेला माणूस समोरच्याच्या कम्प्युटरवर स्वतःचा कोड चालवू शकेल असं भोक सापडलं होतं. गेम म्हणजे खेळ असं आपण म्हणतो, पण कम्प्युटरच्या दृष्टीने तो इंटरनेटला उघडलेला एक दरवाजा आहे.

कंपन्या पण काही साधू नाहीत. व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड नावाचं अँटीचीट पीसी चालू होताच विंडोजच्या अगदी आतल्या थरात जाऊन बसतं, ईझी अँटीचीट, बॅटलआय हे पण तिथपर्यंत पोचतात. एका गेमसाठी एवढी किल्ली द्यायची का हा प्रश्न मला खरोखर पडतो, अन् ज्या पीसीवर दुकानाचा जीएसटी न बँकेचं काम आहे तिथे मी असले गेम टाकत नाही. पण गंमत बघ, ज्या पोरांना अँटीचीट 'स्पायवेअर' वाटतं तीच पोरं टेलिग्रामवरच्या 'व्हीआयपी' हँडलवाल्याला अ‍ॅडमिनच्या परवानगीने फाइल चालवू देतात.

कायद्याचं थोडक्यात. तू खेळताना एमबॉट लावला म्हणून पोलीस दारात येत नाहीत. विकायला लागलास तर विषय बदलतो, आयटी कायद्याची कलमं ४३ न ६६ परवानगीशिवाय कम्प्युटर सिस्टिममध्ये घुसणं, बिघडवणं यासाठी आहेत, कॉपीराइट कायद्यात ६५अ हे कुलूप तोडण्याबद्दल आहे. बाहेर तर २०२१ ला चीनमध्ये चीट विकणारी टोळीच पकडली, न २०२४ ला अमेरिकेतल्या कोर्टाने एंजिनओनिंग नावाच्या चीटवाल्यांविरुद्ध अ‍ॅक्टिव्हिजनला सुमारे १ कोटी ४५ लाख डॉलर मंजूर केले. आपल्याकडे एक 'री-सेलर' म्हणून प्रकार असतो, कॉलेजची पोरं की विकून कमिशन काढतात, त्यांना वाटतं आपण फक्त मधले. पैसे तर तुझ्याच यूपीआयवर आलेत ना भो.

अन् ज्याला पुढे टूर्नामेंट खेळायच्या त्याने ऑप्टिक इंडिया या काउंटर-स्ट्राइक टीमचं २०१८ चं प्रकरण माहीत करून घ्यावं. शांघायमध्ये आशियाची फायनल चालू, आपल्या देशाची टीम, अन् एका खेळाडूच्या पीसीवर चीट सापडला, फाइलीचं नाव काय तर वर्ड डॉट ईएक्सई. त्याला पाच वर्षांची बंदी बसली, ते ठीक, केलं त्याने भोगलं. पण बाकीचे चार जण? त्यांनी काय केलं होतं? टीमच संपली. नंतर कित्येक दिवस बाहेरचे लोक कुठल्याही चांगल्या भारतीय खेळाडूला 'वर्ड उघडलंय का' असं चिडवायचे.

आता चांगल्या बाजूला ये, तुमचा माइनक्राफ्ट सर्व्हर. इथे मनसोक्त मॉड लावा, कारण येणाऱ्याला माहीत आहे. मॉडची यादी लिहून लावा, अ‍ॅडमिनला काय काय करता येतं ते पण लिहा. चीट फक्त खेळाडूच करतो असं नाही, अ‍ॅडमिनपण करतो. अदृश्य होऊन दुसऱ्याचा बेस बघून घेणं, गुपचूप स्वतःला डायमंड देणं, भांडण झालं की बॅन ठोकणं, हे पण लबाडीतच येतं न मी तर म्हणेन जास्त वाईट. पैसे घेऊन रँक द्यायची असेल तर टोपी, रंग, नाव इथपर्यंत ठीक, पण पैसे घेऊन तलवार द्यायची नाही, माइनक्राफ्टच्या मोजांग कंपनीने २०१४ लाच हे स्पष्ट केलंय. अन् एक मोठी गोष्ट जी आपल्याकडे कोणीच बघत नाही. क्रॅक लाँचरवाले, म्हणजे गेम विकत न घेतलेले मित्र यावेत म्हणून तुम्ही ऑनलाइन-मोड (खेळाडूचं खरं अकाउंट तपासायची सेटिंग) बंद ठेवला असणार, माझी खात्री आहे. तो बंद असला की सर्व्हर कोणाचीच ओळख तपासत नाही, कोणीही तुझं नाव टाकून आत आला की तो अ‍ॅडमिन. मग लोक पासवर्डचं प्लगइन लावतात, न पोरं त्यात तोच पासवर्ड टाकतात जो जीमेलला आहे, म्हणजे आता बारावीतल्या पोराच्या कम्प्युटरवर गावातल्या सगळ्या पोरांच्या जीमेलच्या किल्ल्या. प्लगइन पासवर्ड झाकून ठेवत असलं तरी सर्व्हरवाल्याने मनात आणलं तर त्याला ते मिळवता येतात. व्हाइटलिस्ट (फक्त यादीतल्या नावांनाच आत घेणं) लावा, अन् पोरांना सांगा की वेगळा पासवर्ड टाका. जमेल तेव्हा ओरिजिनल घ्या न मोड चालू करा.

मोठ्या गेमात पण हे नीट करता येतं. एल्डन रिंगचा सीमलेस को-ऑप मॉड बघ, तो कंपनीच्या सर्व्हरला हातच लावत नाही, सेव्ह फाइल पण वेगळी ठेवतो, ज्याला त्याच्यात यायचं त्याने पण तोच मॉड टाकायचा, परक्या माणसाच्या मॅचमध्ये घुसायची सोयच नाही. जीटीएचा फाइव्हएम नावाचा मॉड बनवणाऱ्यांना जीटीएच्या रॉकस्टार कंपनीने २०१५ ला बॅन केलं होतं, ते आपले वेगळे सर्व्हर काढून टिकले, न २०२३ ला रॉकस्टारने त्यांनाच विकत घेतलं. सीएसमध्ये स्किनशी खेळायचंच असेल तर वर्कशॉप आहे, स्वतः स्किन बनव, मॅप बनव. बीजीएमआयमध्ये बाहेरून मॉड लावायची कुठलीच वाट उघडी नाही, तिथे मॉड करायचाच नाही, विषय संपला.

राहिला तुझा मित्र. त्याला भाषण देऊ नको, ऐकणार नाही. फोन घरच्यांचा असेल तर आधी त्यातली अ‍ॅक्सेसिबिलिटीची यादी उघडून दाखव, काय काय चालू आहे ते त्याला स्वतःलाच दिसेल. मग तो एपीके काढायचा, अन् दुसऱ्या स्वच्छ फोनवरून गुगलचा पासवर्ड बदलून बाकीच्या सगळ्या डिव्हाइसमधून लॉगआउट करायचं, त्याच फोनवरून बदलला तर नवीन पासवर्ड पण जायचा. यूपीआयचा पिन पण बदलायचा. खात्यातून काही गेलेलं दिसलं तर लाजत बसायचं नाही, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन न बँकेत कळवायचं, पहिले काही तास महत्त्वाचे असतात. शेवटी फोटो-कॉन्टॅक्ट बाजूला काढून फॅक्टरी रीसेट मारायचा, अन् अ‍ॅप सगळे प्ले स्टोअरमधूनच नव्याने घ्यायचे, जुन्या बॅकअपमधला एपीकेचा फोल्डर परत टाकायचा नाही. तो फोल्डर लोक हमखास परत टाकतात.